दोनशे सहा हाडांचं भजन

बंडोपंत औंढेकरांचा अपमान झाला तो सोमवारी सकाळी पावणेअकराला, आणि तोही टपालानं. समोरासमोर कोणी केला असता तर त्यांनी तो तिथल्या तिथं निस्तरला असता. पण टपालानं आलेला अपमान आधी आवक नोंदवहीत चढवावा लागतो, त्यावर शिक्का मारावा लागतो, त्याला क्रमांक द्यावा लागतो, आणि हे सगळं करणारे कारकून बंडोपंतच. म्हणजे स्वतःच्या अपमानाला स्वतःच आवक क्रमांक तीनशे बारा द्यायचा. आता याला काय म्हणावं?

दवाखाना हिंगोलीकडचा, सरकारी. कोणता ते विचारू नका; त्यातली माणसं अजून आहेत आणि त्यांचे जावईही आहेत. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि आमच्याकडच्या सगळ्या सरकारी अपमानांचा उगम परभणीला असे. तिथले सिव्हिल सर्जन साहेब लिहीत होते की, इजा नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनास मानवी शरीरातील हाडे व स्नायू यांची वैद्यकीय नावे येणे आवश्यक आहे. सबब दीड महिन्याने आम्ही स्वतः तपासणीस येऊ तेव्हा संबंधित कारकुनाची तोंडी परीक्षा घेऊ. आणि तो नापास झाल्यास नोंदवही दुसऱ्या कारकुनाकडे सोपवून त्यास औषध भांडारात बाटल्या मोजण्याच्या कामी लावावे.

बाटल्या. एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं बाटल्या मोजायच्या.

इजा नोंदवही ही काय चीज आहे हे परभणीत बसून कळायचं नाही. बांधावरून, म्हशीवरून, लग्नातल्या मानपानावरून मारामारी झाली की दोन्ही बाजू आधी पोलिसात आणि मग दवाखान्यात येत. तपासत डॉक्टर, पण दाखला लिहीत बंडोपंत. त्यांच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती आणि ती पोलीस जमादार शंकरसिंग यांच्यासाठी राखीव होती. बाकी पाटील असो की सरपंच, उभा. बाजारातून जाताना लोक वाकून रामराम घालत, कारण आपलं हाड कधी मोडेल याचा नेम कोणाला असतो? दुसरा कारकून उद्धव जन्म-मृत्यूची नोंद ठेवी आणि त्याचा या नोंदवहीवर कधीचा डोळा होता. मेलेला माणूस काही रामराम घालत नाही, हे त्याचं जुनं दुःख होतं.

आता साहेबांना हे सुचलं कशावरून? तर साखऱ्याच्या कोंडीबावरून. कोंडीबाचं आणि त्याच्या चुलतभावाचं बांधावरून वाजलं, चुलतभावानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याची नडगी मोडली. बंडोपंतांनी रिवाजाप्रमाणे दाखला दिला. दाखल्यासाठी त्यांनी हिंगोलीहून खास एक रबरी शिक्का करून आणला होता. त्यावर अक्षरं होती: ‘उजवा/डावा हात/पाय, हाडास मार लागून सूज व वेदना. नको ते खोडावे.’ शिक्का मारायचा, नको ते खोडायचं, डॉक्टरांपुढं सहीला ठेवायचं. तेव्हाचे डॉक्टर वाचण्याच्या भानगडीत पडत नसत. कोंडीबा आला त्या दिवशी गर्दी फार होती, आणि खोडायचं राहून गेलं.

कोर्टात चुलतभावाच्या वकिलानं दाखला मोठ्यानं वाचला आणि नम्रपणे विचारलं की, उजवा-डावा हात आणि उजवा-डावा पाय असे सगळेच अवयव मोडलेला हा इसम काठी टेकत कोर्टाच्या पायऱ्या चढून आला तो कसा? कोर्ट हसलं. चुलतभाऊ सुटला. न्यायाधीशांनी निकालात दवाखान्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि त्या परभणीला पोचल्या.

बंडोपंतांचं म्हणणं असं की यात चूक ती केवढी? खोडायचं राहिलं असेल, पण लिहायचं तर काही राहिलं नव्हतं ना? कमी लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. जास्तच लिहिलं होतं की. पण सरकारात न्याय नाही, हे त्यांनी त्या दिवशी उद्धवला तीनदा ऐकवलं, आणि उद्धवनं तिन्ही वेळा फार दुःखानं मान हलवली.

दवाखान्याचे डॉक्टर तेव्हा नुकतेच बदलून आले होते. डॉ. अमृतराव खिल्लारे, शिरड शहापूरचे, औरंगाबादला शिकलेले, वय अठ्ठावीस. बंडोपंतांची नोकरी लागली तेव्हा हे गृहस्थ बोरं पाडत असतील. पण माणूस सभ्य. त्यांनी बंडोपंतांना बसवून घेतलं, आपलं विटेएवढं इंग्रजी पुस्तक पुढं केलं आणि म्हणाले, "बंडोपंत, घाबरू नका. हाडं सगळी मिळून दोनशे सहा आहेत. मुख्य तेवढी चाळीसेक करा, आणि वीस-पंचवीस स्नायू."

"डॉक्टरसाहेब, मी निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झालोय," बंडोपंत म्हणाले. "हड्डी म्हणा, पसली म्हणा, बंदा हाजीर आहे. ही भाषा कुठली?"

"लॅटिन."

"त्यांचं राज्य आमच्याकडं कधी होतं?"

डॉक्टरांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

घरी येऊन बंडोपंत आरशासमोर उभे राहिले. सदरा काढून खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, स्कॅप्युला. दंडावर ठेवायचा, ह्यूमरस. सकाळी पाठ केलेली दहा हाडं आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जात. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी मदत म्हणून चिठ्ठ्या लिहून खळीनं नवऱ्याच्या अंगावर डकवून पाहिल्या. पण छातीवरच्या चिठ्ठ्या वाचायला मान वाकवली की मानेवरच्या चिठ्ठ्या गळून पडत, आणि एकदा बंडोपंत पाठीवर ‘ट्रॅपिझियस’ घेऊन तसेच दवाखान्यात गेले. दुपारपर्यंत कोणी बोललं नाही. उद्धव तर मुद्दाम बोलला नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि बातमीच्या मागोमाग सल्ले आले. फुकटचे सल्ले द्यायला माणसं कामंधामं सोडून येतात. गोपीचंद किराणावाल्यानं बदाम भिजवून खायला सांगितलं, म्हणजे त्याच्याच दुकानातले. संतराम शिंपी म्हणाला की माणसाचं माप घेतल्याशिवाय त्याचं शरीर कळत नाही, आपण बंडोपंतांना टेप उसनी देऊ. पुढं कुठूनसं त्याच्या कानावर आलं की मांडीतल्या एका लांब स्नायूला, सार्टोरियसला, विलायतेत शिंप्यांवरूनच नाव दिलंय, मांडी घालून बसतात म्हणून. तेव्हापासून तो रस्त्यानं जरा ताठ चालू लागला आणि बंडोपंतांना म्हणाला, "पंत, तुमच्या कारकुनांच्या नावाचं आत काही हाय का?" बंडोपंतांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. नव्हतं. हा अपमान वेगळाच.

खरा इलाज काढला तो तातेराव मास्तरांनी. तातेराव पेन्शनीत निघालेले शिक्षक आणि मारुतीच्या पारावरच्या शनिवारच्या भजनी मंडळाचे पेटीवादक. बंडोपंत याच मंडळात पुढं उभे राहून म्हणत. साठ-सत्तर अभंग त्यांना पुस्तकाशिवाय येत. तातेराव म्हणाले, "अहो, तुमचं डोकं ठीक आहे. या हाडांना चाल नाही, हे दुखणं आहे. चाल लावा, मरेपर्यंत विसरायचे नाहीत."

दोघांनी तीन दिवस बसून भजन रचलं. डोक्यापासून पायापर्यंत आधी हाडं, मग स्नायू, अशी बारा कडवी. आणि आमच्याकडची भजनाची रीत अशी की पुढच्यानं एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. मग मागच्यांनी ध्रुपद उचलायचं. ते झालं की पुढची ओळ. ध्रुपद तातेरावांनी असं बांधलं होतं:

दोनशे सहा हाडांवरी देह उभा राहिला।

आणि कडवी अशी:

कवटी ती क्रेनियम, जबडा मँडिबल,
खांद्याची आडवी काडी म्हणावी क्लॅव्हिकल।
दंडाची ह्यूमरस, पुढं दोघी बहिणी,
रेडियस अंगठ्याकडं, अल्ना करंगळीनी।
मांडीची ती फीमर, वाटी ती पटेला,
पुढची नळी टिबिया, फिब्युला बाजूला।

शनिवारी मंडळानं हे टाळ-मृदंगावर घेतलं आणि सांगायला हरकत नाही, रंगलं. अडचण आली ती दहाव्या कडव्याला. तिथं ग्लुटियस मॅक्सिमस होता. माणूस ज्याच्यावर बसतो तो हा स्नायू, शरीरातला सगळ्यात मोठा. मारुतीरायापुढं हे म्हणावं की न म्हणावं यावर अर्धा तास वाद झाला. बंडोपंतांचं म्हणणं, परीक्षेत विचारला तर काय घ्या? शिवाय ज्या खुर्चीसाठी हा सगळा आटापिटा तिचा आधार तोच. शेवटी तोड निघाली की तेवढं कडवं पाराच्या खाली उतरून, पाठ न दाखवता म्हणायचं. दर शनिवारी सगळं मंडळ दहाव्या कडव्याला खाली उतरे आणि अकराव्याला वर चढे.

पंधरा दिवसांत बंडोपंतांना भजन पाठ झालं. वाईट इतकंच की ते सगळ्या गावालाही झालं. आडावर बाया पाणी शेंदताना रेडियस-अल्ना म्हणू लागल्या. गोपीचंद पुड्या बांधताना फीमर गुणगुणे. बंडोपंतांच्या अंगाचा तिळपापड होई. सरकारी परीक्षेचा अभ्यास, गोपनीय बाब, आणि ती आडावर? पण सगळ्यात जास्त झोंबलं ते दवाखान्यात.

दवाखान्यात रुक्माबाई नावाची आया होती. बावीस वर्षं नोकरीत, म्हणजे बंडोपंतांहून तीन वर्षं जास्त, पण हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. मोडलेल्या माणसाला प्लास्टर घालायची खोली तिच्याकडं. डॉक्टर पट्टी गुंडाळीत आणि हात-पाय बराबर धरून ठेवायचं काम तिचं. एका सकाळी बंडोपंत टेबलाशी चौथं कडवं घोळवीत होते. व्हरांडा पुसता पुसता रुक्माबाई थांबली.

"पंत, अल्ना करंगळीकडं असती नं? तुमी तिला अंगठ्याकडं काहून घालून राहिले?"

बंडोपंतांनी पुस्तक उघडलं. अल्ना करंगळीकडं होती. ते म्हणाले की मला माहीत आहे, मी मुद्दाम उलटं म्हणून पाहत होतो. रुक्माबाई "व्हय का," म्हणाली आणि पुसत पुढं गेली. हिला हे कुठून कळलं, हे विचारायचं बंडोपंतांच्या मनात आलं नाही. संतापात माणसाला प्रश्न सुचत नाहीत, नुसती उत्तरं सुचतात.

मग पद्माबाईचा गुडघा बरा झाला, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. पद्माबाई गल्लीच्या टोकाची म्हातारी, दोन वर्षं गुडघा धरून बसलेली. एका शनिवारी ती पाराशी भजन ऐकत बसली, ‘वाटी ती पटेला’ आलं तेव्हा गुडघ्यावरून हात फिरवला, आणि घरी चालत गेली. ती एरवीही चालतच जायची, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही. पुढच्या शनिवारी पुसेगावहून दोन बैलगाड्या आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी पाराभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. लोक आपापलं दुखणं धरून आपल्या कडव्याची वाट पाहत बसत, आणि कंबरदुखीवाले दहाव्याला मंडळाबरोबर खाली उतरत. बंडोपंत ओरडून सांगत की हा अभ्यास आहे, औषध नव्हे. लोक हात जोडत. म्हणत, मोठा माणूस असंच म्हणणार.

इकडं दवाखान्यात डॉक्टर खिल्लारे रिकाम्या बाकांकडं बघत बसले. सोमवारी त्यांनी बंडोपंतांना बोलावून शांतपणे सांगितलं की, सरकारी नोकरानं खासगीत रोग्यांवर उपचार करणं नियमाबाहेर आहे, मला खुलासा मागवावा लागेल. मसुदा तयार करून आणा.

आता मसुदे करणारे कारकून कोण? बंडोपंत. त्यांनी कागद ओढला. राग होता, पण काम ते काम. एकोणीस वर्षांत त्यांनी कोणाचा खुलासा ढिला मागितला नव्हता, तो आज स्वतःचा मागताना का मागावा? ‘आपण शासकीय सेवेत असताना भजनाद्वारे अनधिकृत उपचार करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब अत्यंत गंभीर असून आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये याचा तीन दिवसांत खुलासा करावा.’ मसुदा इतका कडक उतरला की वाचून त्यांनाच घाम फुटला. त्यांनी त्याला जावक क्रमांक दिला, पोचवहीत स्वतःला पोचवला, मिळाल्याची सही केली. तीन दिवस झोप न येता खुलासा लिहिला, आवक केला, आणि हाताच्या सवयीनं त्यावर ‘खुलासा समाधानकारक वाटत नाही’ असा शेरा लिहून सहीला ठेवला. डॉक्टरांनी सही केली. तेही आता न वाचता सही करू लागले होते की मुद्दाम केली, हे बंडोपंतांना शेवटपर्यंत कळलं नाही.

साहेब आले ते गुरुवारी. उंच, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. व्हरांड्यात त्या दिवशी चाळीसेक रोगी होते, कारण साहेब फुकट तपासतात अशी आवई उठली होती. शंकरसिंग जमादार डोकी फुटलेले दोन इसम घेऊन बसले होते, तातेराव आणि संतराम उगाच आले होते, आणि रुक्माबाई फिनाइलच्या पाण्यानं फरशी पुसत होती. आत जाण्याआधी बंडोपंतांनी आपल्या खुर्चीच्या पाठीवर एकदा हात ठेवला. उद्धवनं ते पाहिलं.

आत साहेब खुर्चीत, डॉक्टर शेजारी, बंडोपंत उभे. साहेबांनी आपल्याच पायाची बाहेरची बाजू दाखवून विचारलं, "हे हाड कोणतं?"

बंडोपंत छातीवर हात ठेवून हळूच म्हणू लागले, "कवटी ती क्रेनियम, जबडा मँडिबल."

"कवटी नाही विचारली. पाय."

"होय साहेब. पायाकडंच निघालोय."

साहेबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. साहेबांनी विचारलं की पोचायला साधारण किती वेळ लागेल? बंडोपंत म्हणाले, सातवं कडवं आहे.

मध्येच उडी मारून सातवं का नाही म्हणत, असं तुम्ही विचाराल. भजन असं चालतं का? पण खरी आफत पुढंच होती. पहिली ओळ झाली आणि बंडोपंत थांबले. महिनाभर त्या ठिकाणी मागच्यांनी ध्रुपद उचललं होतं. आज मागं कोणी नव्हतं. ध्रुपदाशिवाय दुसरी ओळ येईना. तोंड उघडं, हात टाळ धरल्यासारखा, आणि डोक्यात पांढरं पटांगण. साहेब म्हणाले, पुढं? पुढं काही नव्हतं. औषध भांडारातल्या बाटल्या तेवढ्या त्यांना एकेक करून दिसू लागल्या.

आणि तेवढ्यात व्हरांड्यातून फरशी पुसता पुसता बाईमाणसाचा आवाज आला, "दोनशे सहा हाडांवरी देह उभा राहिला." पाठोपाठ तातेरावांनी सूर दिला, जमादारांनी दिला, डोकी फुटलेल्या दोघांनी दिला, आणि चाळीस रोग्यांनी मिळून ध्रुपद उचललं.

बंडोपंतांचे डोळे आपोआप मिटले. दुसरी ओळ आली, ध्रुपद आलं, तिसरी आली. ते टाळ्या वाजवत दंडावरून मनगटाकडं, छातीवरून मांडीकडं उतरत गेले आणि सातव्या कडव्याशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "फिब्युला बाजूला." व्हरांड्यात कोणीतरी शिट्टी वाजवली. साहेबांनी शांतपणे कोपर दाखवलं आणि विचारलं, "आणि हे?"

"कवटी ती क्रेनियम," बंडोपंतांनी सुरुवात केली.

साहेब उठले. पण रागावले नव्हते असं डॉक्टर मागाहून सांगत. ते दारात जाऊन उभे राहिले, भजन थांबलं. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा म्हणालं कोण? सगळ्यांनी रुक्माबाईकडं बोट दाखवलं. फडकं हातात घेऊन ती उभी राहिली. साहेबांनी विचारलं की बाई, तुम्हीही ही नावं चालीवरच पाठ केलीत का?

"चाल कशाला लागती साहेब? बावीस वर्सं धरून राहिले," रुक्माबाई म्हणाली. तिनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "ही पटेला. कमलबाईची. आडावर घसरून पडली तवा फुटली." मग गळ्याखाली ठेवला. "ही क्लॅव्हिकल. संतराम शिंप्याच्या पोरीची, झोक्यावरून पडली व्हती. ह्यूमरस सोनाजी गाडीवानाची, बैलानं दाबली. डॉक्टर लोक नावं घेत्यात, मी माणूस धरते. माणूस याद राहिलं की हाड बराबर याद राहतं."

आणि मग ती खाली वाकली. नडगीवर बोट ठेवलं. "ही टिबिया. साखऱ्याच्या कोंडीबाची. उजव्या पायाची. नुसती उजव्या पायाची, साहेब. बाकीचं समदं खोडायचं व्हतं."

साहेबांनी बंडोपंतांकडं पाहिलं. बंडोपंत टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडं पाहत होते. कोंडीबा कोर्टातून परतताना इथं येऊन गेला होता, ते त्यांना आठवलं. काठी टेकत आला होता, आणि समोरची खुर्ची रिकामी असून उभाच राहिला होता. काही न बोलता गेला होता. तेव्हा बंडोपंतांना वाटलं होतं, आता हा रामरामसुद्धा घालत नाही, किती माजलेत लोक.

साहेबांनी तिथंच निकाल दिला. इजा नोंदवही बंडोपंतांकडेच राहील, कारण लिहिणारा माणूस जुना आहे. मात्र यापुढं डॉक्टर तपासतील, हाडाचं नाव रुक्माबाई सांगतील, बंडोपंत लिहितील, आणि दाखल्यावर रुक्माबाईंचा अंगठा पडेल. टेबलासमोरची खुर्ची रुक्माबाईंना द्यावी. जमादारांसाठी बाक आहे.

बंडोपंतांची खुर्ची वाचली. पण कशी वाचली? आयेनं सांगायचं आणि हेडक्लार्कीच्या उंबरठ्यावरच्या माणसानं लिहायचं? जिनं फरशी पुसायची तिनं समोर बसायचं? बंडोपंतांच्या डोक्यात एकोणीस वर्षं एकदम चढली. चूक आपली होती हे आत कुठंतरी त्यांना कळलं होतं, आणि म्हणून राग जास्त होता. ते कोणाकडं न बघता, मान वर करून, तरातरा व्हरांड्यात निघाले.

"पंत, तिकून जाऊ नका, वलं हाय," रुक्माबाई म्हणाली.

तिचं ऐकतील ते बंडोपंत कसले? तिसऱ्या पावलाला पाय सटकला, उजवा हात खाली आला, आणि कट्ट असा आवाज चाळीस रोग्यांनी ऐकला.

सगळ्यांच्या आधी रुक्माबाई पोचली. त्यांचं मनगट तिनं दोन्ही हातांत घेतलं, हलवलं नाही, नुसतं अंगठ्यानं चाचपलं. सिव्हिल सर्जन पलीकडं वाकले होते, त्यांनी आधी तिच्याकडंच पाहिलं. ती म्हणाली, "रेडियस हाय साहेब. मनगटाच्या वर मोडली." साहेबांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली.

नोंदवही आणली. बंडोपंतांचा उजवा हात गेलेला, म्हणून पेन उद्धवनं घेतलं. इतक्या वर्षांनी त्या नोंदवहीत त्यानं लिहिलेली ती पहिली नोंद. नाव, वय, गाव लिहून झालं. मग रकाना आला: इजा कोणी केली? उद्धवनं विचारलं. बंडोपंतांनी दात आवळले. शंकरसिंग जमादारांनी सरकारी गांभीर्यानं पुढं वाकून विचारलं, "पंतजी, किसी पे शक है क्या?"

"फिनाइल लिवा," रुक्माबाई म्हणाली, आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन प्लास्टर भिजेपर्यंत तसाच धरून बसली. दुखलं, पण तिनं तो हलू दिला नाही.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. बंडोपंतांनी हाती लिहिलेला पहिला दाखला कोंडीबाचा होता, अपिलासाठी. समोरच्या खुर्चीत रुक्माबाई बसली होती, बाजूच्या बाकावर कोंडीबा. बंडोपंतांनी शिक्क्याला हात लावला नाही. वाकड्यातिकड्या अक्षरात त्यांनी सबंध वाक्य लिहिलं, उजव्या पायाची टिबिया, आणि खोडण्यासारखं काही ठेवलं नाही. रुक्माबाईनं अंगठा उठवला. कोंडीबानं जाताना रामराम घातला. आता तो कोणाला घातला हे बंडोपंतांनी विचारलं नाही.

पुढं ते निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदासाठी दवाखान्यात हेलपाटे घालावे लागत, तेव्हा प्लास्टरच्या खोलीत रुक्माबाई नव्या नर्सबायांना हाडं शिकवत असे आणि तिचा आवाज बाहेर येई. ही पटेला, कमलबाईची. ही टिबिया, कोंडीबाची. आणि मग हमखास, "ही रेडियस. आपल्या बंडोपंतांची. उजव्या हाताची. डाव्या न्हाई."

पोरी हसत. बंडोपंत व्हरांड्यातल्या बाकावर संतापानं लालबुंद होत आणि कालिंदीबाईंना घरी जाऊन सांगत की, बघ, सरकारी नोकराची बदनामी चालली आहे, कोणी विचारणारं नाही. हे सांगताना त्यांचा डावा हात उजव्या मनगटावर जाई, अंगठ्याच्या बाजूला, बरोबर त्या जागी. बारा कडव्यांतलं तेवढं एकच हाड असं होतं की ज्यासाठी त्यांना पुन्हा कधी कवटीपासून सुरुवात करावी लागली नाही.